ड्रेन बोल्टचे आटे गेले, हेलिकॉइल टाकली: नऊ महिने आणि साडेतेरा हजार किलोमीटरनंतर

गेल्या ऑक्टोबरात सर्व्हिसिंगहून गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनखाली तळहाताएवढा काळा डाग. वडिलांनी 2011 साली घेतलेली स्प्लेंडर, आजवर तेलाचा थेंब गळला नव्हता. खाली हात घातला तर ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनचं तेल सोडायचा बोल्ट, नुसता गरगर फिरत होता. धड आवळत नव्हता, धड निघत नव्हता. ओढून काढला तेव्हा बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची स्प्रिंग अडकून आली. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्याचे, आटे होते ते.

परत नेली तर उत्तर मिळालं, "गाडी जुनी आहे, आटे झिजतात." झिजलेल्या आट्याची अशी अख्खी स्प्रिंग निघत नाही, ती पाईप लावून आवळल्यावर निघते. या बोल्टला 25 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुष्कळ होतो. वीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलो ओढ, बस्स. पान्यावर दोन फुटी पाईप चढवून वीस किलो जोर लावला तर तो जवळपास पाचपट होतो. बोल्ट पोलादाचा, केस ॲल्युमिनियमची. तुटणार कोण हे ठरलेलंच असतं. वरून मला केस बदलायचा खर्च सांगितला साडेसहा हजार. तो राग अजून गेलेला नाही.

मी इचलकरंजीहून कोल्हापूरला रोज ये-जा करतो, साठेक किलोमीटर. गाडी आठवडाभर उभी ठेवणं परवडत नव्हतं. सुरुवातीला माझा कल आर्गन वेल्डिंगकडे होता. भोक भरून घ्यायचं आणि पुन्हा 12 मिलीमीटरचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारायचा, की सगळं मूळ मापात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी सरळ नकार दिला. "भावा, तेल प्यालेलं ॲल्युमिनियम हाय ते. वेल्डिंग मारलं की बुडबुडं धरतंय, तोंड वाकडं हुतंय. आणि त्यासाठी इंजिन खोलावं लागतंय ते येगळंच." 14 चा बोल्ट बसवायलाही ते तयार नव्हते, कारण पुढच्या वेळी तेही आटे गेले तर भोक मोठं करायला जागाच उरत नाही.

मग हेलिकॉइल, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात बसून नवे आटे होणारी तारेची स्प्रिंग. बॅटरी काढली, टाकी रिकामी केली, गाडी जुन्या टायरवर आडवी केली. भोक मोठं करून त्यात कॉइलसाठीचा खास टॅप हाताने चालवला. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेलं, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. स्टेनलेस तारेची कॉइल आत फिरवून तोंडापासून अर्धा फेरा खाली बसवली आणि तळाची शेपटी चिमट्याने मोडून बाहेर काढली. ही शेपटी बाहेर आलेली डोळ्यांनी बघा, मोजून घ्या. मग थोडं डिझेल आत सोडून दोनदा धुतलं. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे चुंबकी बोल्टाच्या भरवशावर हे धुणं टाळू नका. नव्या बोल्टासकट साडेसहाशे रुपये झाले.

पहिल्या महिन्यात मी लिहिलं असतं तर "पैसे पाण्यात" असंच लिहिलं असतं. रोज सकाळी बोल्टाच्या डोक्यावर एक थेंब. कॉइलच्या मागून तेल झिरपतंय अशी माझी खात्री झाली होती. तणतणत मामांकडे गेलो. त्यांनी बोल्ट काढला, त्याच्या डोक्याखालची चकती, म्हणजे वायसर, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो जुनाच हाय की." गडबडीत जुनाच वायसर परत बसला होता.

इथून माझं मत बदललं. गेले आठ महिने मी ज्याला भेटेल त्याला वायसरबद्दलच सांगतोय. तेल आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. बोल्टाचं डोकं आणि केसचं तोंड यांच्यामध्ये मऊ ॲल्युमिनियमची चकती दबते, उंचसखलपणा भरून काढते. एकदा दबली की तिची भरण्याची ताकद संपली. माझ्या वायसरला व्हर्नियर लावला: आतून 12, बाहेरून 20 मिलीमीटर. मूळ भोक 12 चं होतं तेव्हा टेकायला चारेक मिलीमीटरची पट्टी मिळायची. कॉइलसाठी तोंड जवळजवळ 14 झालं, पट्टी उरली तीन. म्हणजे दुरुस्तीनंतर वायसरवरचा भार वाढतो, आणि आपण मात्र दहा-पंधरा रुपये वाचवायला जुनाच उलटा करून टाकतो. मी स्वतः चौदा वर्षं तसंच करत आलो.

नवा वायसर टाकूनही थोडा ओलावा राहिला होता. तोंडावरून नख फिरवलं तर एका जागी अडकत होतं, टॅपने उचललेली बारीक कड. मामांनी तेलदगड सपाट धरून ती घासली. त्या दिवसापासून आजपर्यंत कोरडं.

पहिलं तेल मी पाचशे किलोमीटरलाच स्वच्छ थाळीत सोडलं. उन्हात धरल्यावर दोन-चार चमकदार कण दिसले, पुढच्या वेळी एकही नाही. आतापर्यंत पाच वेळा बोल्ट निघाला. दर वेळी मनात धाकधूक असते की बोल्टासोबत कॉइल बाहेर येते की काय, पण ती जागची हललेली नाही. आटे तर आधीच्यापेक्षा भक्कम वाटतात, बोल्ट शेवटपर्यंत दोन बोटांनी जातो. आता तेल मी घरीच बदलतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना, घेतला नाही. 17 नंबरच्या पान्याच्या टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता काटा अडकवतो आणि पान्याशी काटकोनात साडेबारा किलोपर्यंत ओढतो. दर वेळी बोल्ट त्याच जागी थांबतो.

भोकाच्या कडेला तडा दिसत असेल तर मात्र कॉइल टाकू नका. तिथे वेल्डिंग किंवा नवी केस, दुसरा इलाज नाही. तडा नसेल तर आधी कॉइलच करा, आणि मिस्त्रीने वायसरचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे असा हट्ट धरा.

माझं पुढचं तेल गणपतीच्या सुमारास येईल. पाच वायसर आणून ठेवलेत.