डीआरएम रेडिओ, काही महिने वापरल्यानंतर: गाडीत झकास, घरात कसरत

आकाशवाणीच्या मिडियम वेव्हवरचं डिजिटल प्रसारण, म्हणजेच डीआरएम, लोक स्वीकारतील का? घरातल्या संचावर आणि गाडीतल्या रेडिओवर पावसाळा-हिवाळा ऐकून झाल्यावर उत्तर असं: गाडीत स्वीकारतील, घरात आजच्या स्थितीत नाही. आणि याचं कारण आवाज नाही. आवाज सुरेख आहे.

मिडियम वेव्हची सवय असलेल्या कानाला पहिला धक्का बसतो तो शांततेचा. खरखर नाही, शिट्टी नाही, रात्री मागून कुजबुजणारं परगावचं स्टेशन नाही. एकाच जागेवर दोन-तीन वाहिन्या मिळतात आणि पडद्यावर कार्यक्रमाचं नाव दिसतं. जर्नलाइन ही मजकुराची सेवा चालू असेल तर बातम्यांचे मथळेही वाचता येतात. मर्यादा कळते ती संगीतात. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला साधारण २० किलोबिटच्या आसपास माहिती बसते, आणि ती वाहिन्यांमध्ये वाटली जाते. बातम्या, मुलाखती, कीर्तन फारच स्पष्ट. सतार किंवा झांजा मात्र किंचित पातळ, धुतल्यासारख्या लागतात.

स्टेशन लावताना बरेच जण इथेच अडतात. ॲनालॉग (म्हणजे जुन्या पद्धतीचं) आणि डिजिटल प्रसारण एकाच प्रक्षेपकातून जातं तेव्हा डिजिटलचा पट्टा नेहमीच्या कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) शेजारी असतो, तिच्यावर नाही. जुन्या ट्रान्झिस्टरवर त्या जागी नुसता सपाट फुसफुसाट ऐकू येतो, तीच खूण. संचातली ट्यूनिंगची पायरी ९ किलोहर्ट्झवर असेल तर ती जागा हुकू शकते, म्हणून पायरी १ किलोहर्ट्झवर आणायची आणि डिजिटल पट्ट्याचा मध्य आकडे दाबून टाकायचा. मग हात मागे घ्यायचा आणि थांबायचं. आवाज यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात बटणं दाबत बसलं तर सगळं पहिल्यापासून सुरू. हाच उशीर वेळेच्या ठोक्यांनाही लागतो, त्यामुळे डिजिटलवर ऐकून घड्याळ लावू नये.

आता खरं दुखणं. बहुतेक संचांवर सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर डेसिबलमध्ये दिसतं. तो आकडा २० च्या वर असला की निर्धास्त ऐका. १५-१६ च्या खाली आला की शब्द तुटतात आणि मग एकदम शांतता. ॲनालॉगमध्ये वीज कडाडली तरी बातमी कळायची. इथे ते अर्धं वाक्यच गायब होतं. त्यात एकत्र प्रसारणात प्रक्षेपकाच्या शक्तीचा अगदी लहान हिस्सा डिजिटलच्या वाट्याला येतो. म्हणजे जिथे जुन्या रेडिओवर स्टेशन खणखणीत लागतं, तिथे डिजिटल लागेलच असं नाही. ठरावीक वेळी केवळ डिजिटल प्रसारण चालतं तेव्हा हाच संच त्याच टेबलावर बराच सुधारतो.

उरलेली वाट घरातली वीज लावते. एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, सगळे मिडियम वेव्हच्या पट्ट्यात गोंगाट ओततात. चोर शोधायचा उपाय सोपा आहे. संच बॅटरीवर ठेवायचा, घराचा मेन बंद करायचा आणि आकडा बघायचा. मग एकेक एमसीबी चढवत जायचं. ज्याला आकडा धाडकन पडेल त्या सर्किटवर गुन्हेगार. पुष्कळदा तो संचाचा स्वतःचा चार्जर निघतो. अशा वेळी ऐकताना बॅटरीच वापरावी, निदान चार्जरच्या वायरला फेराइट या चुंबकीय पदार्थाची, गोंगाट अडवणारी क्लिप लावावी.

बाहेर निघणारी दांडी मिडियम वेव्हसाठी सहसा निरुपयोगी. ती एफएमसाठी असते. इथे काम करतो आतला फेराइटचा दांडा. तो स्टेशनच्या दिशेला आडवा असावा लागतो, टोक स्टेशनकडे केलं की सिग्नल पडतो. म्हणून संच उचलून पाव वळसा फिरवून पाहावा. सळ्यांच्या काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीपेक्षा खिडकीत फरक पडतो, बाल्कनीत आणखी. एवढं करूनही रात्री त्रास होतोच, कारण अंधार पडल्यावर आकाशातून परतणाऱ्या लहरी जमिनीवरून येणाऱ्या लहरींत मिसळतात.

गाडीत यातलं काहीच करावं लागत नाही. टपावर अँटेना, घरच्या वायरिंगचा उपद्रव नाही, वेगळा खर्च नाही. उड्डाणपुलाखाली किंवा उच्चदाबाच्या तारांखाली क्षणभर तुटतं. बोगद्यात जातं आणि बाहेर आल्यावर काही सेकंदांनी परत येतं, एवढंच. गाडी घेताना मात्र त्याच मॉडेलच्या प्रत्येक प्रकारात डीआरएम असेलच असं धरून चालू नका. शोरूममध्येच रेडिओच्या यादीत ते दिसतंय का पाहा. विजेवरची गाडी असेल तर चाचणीच्या फेरीत मिडियम वेव्ह लावूनच बघा, कारण मोटरच्या नियंत्रकाचा गोंगाट याच पट्ट्यात येतो.

घरच्या श्रोत्याकडून दहा हजारांच्या पुढचा संच घेण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. काहीशे रुपयांत एफएम मिळतो आणि मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप फुकट आहे. मोबाइलमध्ये मिडियम वेव्ह येणंही अवघड, तेवढा फेराइट बसवायला जागा नाही आणि फोन स्वतःच गोंगाट करतो. म्हणून घरातला डिजिटल रेडिओ एफएमच्या पट्ट्यातूनच येईल, असं आम्हाला ठामपणे वाटतं. २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १३ शहरांतल्या खासगी रेडिओसाठी केलेली शिफारस त्याच वाटेवरची आहे: एका कंप्रतेवर एक ॲनालॉग, तीन डिजिटल आणि एक माहितीची वाहिनी. त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत. नॉर्वेत २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केल्यामुळे लोकांना वळावं लागलं. आपल्याकडे तशी सक्ती होऊ नये. त्या तीन जादा वाहिन्यांवर शेतीचे भाव, शाळेचे पाठ, नाट्यसंगीत असं ऐकावंसं काही असेल तरच संच खपतील.

तोवर प्रयोगाची आवड असणाऱ्यांनी मिडियम वेव्ह घेणारा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ) आणि ड्रीम हे मुक्त सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवून पाहावं. आवाजासाठी एक्सएचई-एएसी, म्हणजे डीआरएममध्ये आवाज दाबून पाठवायची पद्धत, उलगडणारी लायब्ररी सोबत लागते, नाहीतर वाहिनीचं नाव दिसतं आणि स्पीकर मुका राहतो. लॅपटॉपही बॅटरीवरच ठेवा, आणि वायरचा लूप खिडकीबाहेर टांगून आकडा २० च्या वर जातो का ते बघा. जात नसेल तर त्या घरासाठी महागडा संच घेऊ नका.