मडक्यातले मूठभर पीठ: मराठी बायबल अभ्यासवर्गाचा अभिप्राय

आमच्या मंडळीत या उपासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) झालेल्या सहा आठवड्यांच्या मराठी अभ्यासवर्गाचा विषय होता, 'हाताशी फारच थोडे असताना देवावर विसंबणे'. वर्ग विनामूल्य होता आणि पुस्तिकेपुरते 60 रुपये घेतले.

सर्वांत समृद्ध पाठ सारफथ गावच्या विधवेचा (बायबलमधील 1 राजे, अध्याय 17) होता. दुष्काळात शेवटची भाकरी भाजून मुलासह मरणाची वाट पाहणाऱ्या त्या बाईकडे संदेष्टा एलीया आधी स्वतःसाठी लहानशी भाकर मागतो, ही गोष्ट वाचताना मला पूर्वी अवघडल्यासारखे होत असे. पण तिने ती भाकर दिल्यावरही कोठार एकदम भरले नाही, मडक्यातले पीठ फक्त संपले नाही आणि म्हणून विश्वास रोज सकाळी नव्याने ठेवावा लागला, हे शिक्षिकेने इतक्या शांतपणे उलगडले की वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. पाच जवाच्या भाकरी व दोन मासळ्यांतून येशूने हजारोंना जेवू घातल्याच्या पाठात (योहान 6) 200 दिनारांच्या (रोमी नाण्यांच्या) भाकरीही लोकांना पुरणार नाहीत, हा शिष्य फिलिप्पाचा हिशेब त्यांनी चुकीचा ठरवला नाही, हे मला विशेष भावले.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना केडगावला आणल्याचा संदर्भही समर्पक होता.

बायबलमधील इस्राएली सेनानी गिदोनाचे सैन्य 32,000 वरून 300 वर येते, तो पाठ मात्र घाईत उरकला. पुस्तिकेतील अक्षरेही ज्येष्ठांसाठी फार बारीक आहेत. तरीही पगार महिनाअखेरीस पुरत नसलेल्या कुटुंबांना मी हा वर्ग मनापासून सुचवेन, कारण येथे कोणालाही श्रीमंतीचे आश्वासन दिले गेले नाही.