सेमी लोबेड ट्रेलर : पावसाळा, सोयाबीन, उन्हाळा सगळं पाहून झाल्यावरचा अनुभव

वणी-घुग्गुस पट्ट्यात आमचं मशिनरी वाहायचं काम आहे. पोकलेन, रोलर, डोझर, कधी एखादा ग्रेडर. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन एक्सलचा नवीन सेमी लोबेड बांधून घेतला, म्हणजे ज्याचा डेक (मशीन ठेवायचा ओटा) पुढे उंच असतो आणि मानेपाशी पायरीसारखा खाली उतरतो तो ट्रेलर, कंपनीवाले त्यालाच स्टेप डेक म्हणतात, आणि आता त्याने चिखल, सोयाबीनचा हंगाम, मे महिन्यातलं तापलेलं डांबर सगळं पाहिलंय म्हणून लिहून राहिलो. नवीन बांधायच्या विचारात असाल तर रेट विचारायच्या आधी डेकची उंची ठरवा भाऊ. टायर, रॅम्प, मान, बाकी सगळं तिच्या मागून येतं.

गणित सोपं आहे पण कोणी मांडून बसत नाही. २० टनी पोकलेन बूम खाली घेतल्यावर साधारण ३ मीटर उंच भरते. साध्या फ्लॅटबेडचा डेक दीड मीटर, झाले साडेचार, आणि नियमात मालवाहू गाडीची उंची ४ मीटर. सेमी लोबेड २० इंची रिमच्या टायरवर बांधला तर टायरच मीटरभराच्या वर असतो, त्यावर पाट्यांच्या (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या) हालचालीला जागा सोडावी लागते, म्हणजे डेक १.२ मीटरच्या आसपास आणि मशीनसकट ४.२. मी १७.५ इंची रिमचे २३५/७५ टायर घेतले, त्यांची उंची ८० सेंटीमीटर, डेक ९५ सेंटीमीटरवर आला आणि मशीन बसते ३.९५ मध्ये. हायवेवर वीत-दीड वीत फरकाने काय होते असं वाटेल, पण आपलं काम हायवेवर संपत नाही ना. मारेगाव-झरीकडे शेततळ्याचं नाहीतर पांदण रस्त्याचं काम निघालं की शेवटचा टप्पा लोंबलेल्या तारांखालूनच असतो. जुन्या ट्रेलरवर क्लीनर बांबू घेऊन तार उचलत पुढे चालायचा, तो जीवघेणा प्रकार होता, तो बंद झाला एवढ्यासाठीच मला हा खर्च पटतो.

रुंदीचं मात्र डेक कितीही खाली घेतला तरी काही होत नाही. २० टनी मशीनचे ट्रॅक २.६ मीटरच्या बाहेर जातात, त्याची परवानगी काढावीच लागते, ते भाडं ठरवतानाच पार्टीला सांगून टाकायचं.

लहान टायर पाहून लोक म्हणतात वजन झेपणार नाही. २०१८ पासून ट्रेलरच्या तीन एक्सलला मिळून २७ टन मान्य आहे, आधी २४ होतं. माझ्या टायरवर वजन झेपायचा आकडा १४३/१४१ लिहिलाय, म्हणजे जोडीत लावला तर एक टायर २५७५ किलो घेतो, १२ टायरचे जवळपास ३१ टन होतात. झेपते आरामात. त्रास दुसराच आहे. पुलरची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, स्टेपनी ट्रेलरला चालत नाही, आणि हा साइज आडगावच्या टायरवाल्याकडे नसतोच, त्यामुळे दोन स्टेपन्या कायम सोबत ठेवतो. लहान चाक जास्त फिरते म्हणून तापतेही जास्त. उन्हाळ्यात पहाटे टायर थंड असतानाच हवा तपासायची, दुपारी तापलेल्या टायरची हवा पाहून कमी करायला गेलात की टायर गेला.

सस्पेन्शन पाट्यांचंच घेतलं. एअर सस्पेन्शनने मशीनला दणके कमी बसतात हे खरं, पण इकडच्या धुळीत बलून फाटला तर त्याचा कारागीर नागपूरशिवाय कुठं मिळणार? पाटे कोणत्याही मोठ्या गावात बदलून मिळतात.

आता रॅम्प, इथे जरा वेळ द्या. मागून सरळ ९५ सेंटीमीटरवर सव्वादोन मीटरचा रॅम्प टाकला तर चढ २५ अंशाचा होतो, पोकलेन चढताना एकदम उचलल्यासारखी होऊन डेकवर आदळते. मी डेकचा मागचा भाग उतरता करून घेतला, शेवटची कड ६० सेंटीमीटरवर आली, चढ १५-१६ अंशावर आला आणि ऑपरेटर खुश. बदल्यात ती कड खोलगट नाल्यात घासते, तिथे गाडी तिरपी काढावी लागते. आणि मागचे सपोर्ट पाय घ्याच. मशीन रॅम्पवर असतं तेव्हा सगळं वजन शेवटच्या एक्सलच्या मागे येतं, पुढून किंगपिन (ट्रेलर पुलरला अडकवायची खुंटी) वर उचलतो, पुलरची चाकं हलकी होतात आणि ओल्या वावरात अख्खी गाडी सरकते. पाय खाली सोडले, खाली जाड लाकडी ठोकळे दिले की काही होत नाही.

डेकवर लोखंडी पत्रा नको, लाकडाच्या जाड फळ्या हव्यात. लोखंडी ट्रॅक ओल्या पत्र्यावर थांबतच नाही. फळ्यांवरही आपली काळी माती ट्रॅकमध्ये भरून आली की साबणासारखी होते, म्हणून चढवायच्या आधी फावड्याने ट्रॅक खरवडून घेतो, मग चारही कोपऱ्यांना साखळी आणि ती ताणायचा बाइंडर. थोडं पुढे गेल्यावर थांबून साखळ्या परत ताणायच्या, पहिल्या दणक्यांत त्या ढिल्या होतातच.

मान, म्हणजे वरचा डेक जिथे खाली उतरतो तो कोपरा, सगळा ताण तिथेच येतो. कोपरा काटकोनात कापलेला नको, गोलाई देऊन आतून जाड पट्टी मारलेली पाहिजे, हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. दर धुलाईला मी तिथे टॉर्च मारून पाहतो, रंगातून गंजाची बारीक रेघ दिसली म्हणजे वेल्डिंगला तडा. माझी मान अजून शाबूत आहे, पण रॅम्पच्या बिजागरीचं वेल्डिंग दिवाळीच्या आतच सुटलं. बांधणाऱ्याने फोनवर नुसतं उद्या-परवा केलं, शेवटी स्वतःच्या पैशाने करून घेतलं. वेल्डिंगची गॅरंटी कागदावर घ्या.

डिलिव्हरीच्या दिवशी रिकामा ट्रेलर आधी काट्यावर न्या. कोटेशनमध्ये लिहिलेल्या वजनापेक्षा भरला तर तेवढा माल कायमचा कमी, कारण पुलरसकट सगळं मिळून ५५ टनांच्या आतच बसवायचं असतं. एआयएस-११३ चं, म्हणजे ट्रेलर नियमाप्रमाणे बांधल्याचं, सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आरटीओत पासिंगला पहिलं तेच मागतात.