स्वस्त कॅप्चर कार्डापायी गेलेली पाऊण मीटर टेप

चोपडा तालुक्यातील आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात व्हीएचएसच्या सहा कॅसेटी जुन्या धोतराच्या कापडात बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांतील एक १९९३ साली झालेल्या ताईच्या लग्नाची, तीन तासांची. आमच्या आईचा आवाज आता फक्त त्या एका कॅसेटवर उरला आहे. आई २००९ साली गेली. मागच्या वर्षी ताई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती, त्याआधी ती कॅसेट डीव्हीडीवर घेऊन तिच्या हाती द्यावी असे मी ठरवले आणि त्या घाईत व्हीसीआरमधील चित्र आणि आवाज संगणकात उतरवून घेणारे एक यूएसबी व्हिडिओ कॅप्चर कार्ड ऑनलाइन मागवले. त्यात मी कसा फसलो ते सविस्तर लिहितो आहे, कारण खानदेशात अशा कॅसेटी अजून अनेक घरांत आहेत, आणि उन्हाळ्यातील उकाडा व पावसाळ्यातील बुरशी त्यांना फार दिवस टिकू देणार नाही.

कार्डाची किंमत १,२९९ रुपये होती. जाहिरातीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे पूर्ण चित्र, आपल्याकडच्या टीव्हीची पाल पद्धत, अधिक स्वच्छ चित्र देणाऱ्या एस-व्हिडिओ जोडणीची सोय, विंडोज ११ पर्यंत चालण्याची हमी आणि एका क्लिकवर डीव्हीडी, असे सगळे लिहिलेले होते. हाती आलेल्या खोक्यावर मात्र वेगळेच नाव होते. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि माल कोणत्या देशात तयार झाला हे छापलेले असावे लागते. त्या खोक्यावर यातले काहीच नव्हते. मला तिथेच थांबून ते परत पाठवता आले असते, परंतु आखाजी तोंडावर आली होती.

आत काडेपेटीएवढे काळे कार्ड, तीन रंगांच्या पिनांची वायर आणि आठ सेंटिमीटरची छोटी सीडी होती. सीडीतील ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, वैध डिजिटल सही नसल्यामुळे माझ्या लॅपटॉपने तो घेण्यास नकार दिला. खोक्यातील चिठ्ठीवर मदतीसाठी एक मोबाइल क्रमांक होता, त्यावर फोन केला असता पलीकडच्या माणसाने ‘ड्रायव्हर ॲक्टिव्हेशन’ म्हणून ८९९ रुपये मागितले आणि ते कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर घेतले. त्यानंतर त्याने माझ्याकडून स्क्रीन दिसणारे ॲप टाकून घेतले, ड्रायव्हरची सही तपासण्याची व्यवस्था बंद केली आणि कार्ड चालू करून दिले. तोच ड्रायव्हर फुकट मिळतो हे मला पुढे समजले. दोन दिवसांनी त्याच माणसाने लॅपटॉपच्या ‘संरक्षणासाठी’ आणखी पैसे मागितले, तेव्हा मी फोन ठेवला, ते ॲप काढून टाकले आणि बँकेला कळवून पासवर्ड बदलले. अनोळखी माणसाला लॅपटॉपवर हात फिरवू देणे ही माझी चूक होती, आणि ती कोणी करू नये.

व्हीसीआरला कार्ड जोडले तेव्हा आधी चित्र काळे-पांढरे आले, कारण सोबतचे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीवर लावलेले होते. आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रे. ते बदलताच रंग आले, मांडवातील केळीचे खांब हिरवेगार दिसू लागले आणि मला फार समाधान वाटले. दिवसा वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने मी रात्री जागून पूर्ण तीन तासांचे रेकॉर्डिंग घेतले, त्याच्या दोन डीव्हीडी केल्या, पहिलीची सुरुवातीची दहा मिनिटे पाहिली आणि काम झाले असे समजलो. कार्ड परत करण्याची सात दिवसांची मुदत तेवढ्यात उलटून गेली.

ताई आल्यावर सगळे घर टीव्हीसमोर बसले. हळद आणि मंगलाष्टके नीट वाटली. पंगतीच्या वेळी बँडवाल्याचा हात ढोलावर आधी पडतो आणि ठोका मागून येतो, हे प्रथम माझ्या भाच्याच्या लक्षात आले. पाठवणीपर्यंत तो फरक चार सेकंदांवर गेला होता. आई ताईच्या गालावरून हात फिरवते, तिचे ओठ हलतात, पण आवाज नाही. मग कॅमेरा वळतो, जीपचे दार लागते, आणि त्या बंद दारावर आईचा आवाज येतो, ‘रडू नको वं माय.’ ताईने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितले आणि दुसऱ्यांदाही तसेच झाल्यावर ती उठून आत गेली.

विक्रेत्याला फोन केला तर त्याने तुमची कॅसेटच खराब आहे असे सांगितले. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि असे उत्तर अनेकांना मिळत असणार म्हणून त्यामागचे कारण इथे देतो. जुनी टेप व्हीसीआरमध्ये अगदी एकसारख्या वेगाने फिरत नाही, तिचा सिग्नल सतत किंचित डगमगत असतो. चांगले यंत्र हा डगमग सांभाळून घेते. हे कार्ड मात्र सिग्नल डगमगला की ते चित्र सोडून देत होते आणि आवाज तेवढा अखंड घेत होते. तीन तासांत २,७०,००० चित्रे येतात, त्यांतली केवळ १०० गळाली तरी चित्र आवाजाच्या चार सेकंद पुढे पळते. गळती थोडी थोडी साचत जात असल्यामुळे सुरुवातीच्या दहा मिनिटांत ती डोळ्यांना कळतच नाही, आणि परतीची मुदत निघून जाते ती नेमकी याच कारणाने.

दुसरी लबाडी त्याहून लपलेली होती. फाइलची माहिती पाहिली तर ७२० बाय ५७६ असेच दिसत होते. परंतु पालचे प्रत्येक चित्र २८८ रेघांच्या दोन अर्ध्या भागांनी बनते, आणि हे कार्ड त्यांतला एक भाग टाकून देऊन दुसऱ्याचीच प्रत्येक रेघ दोनदा छापत होते. ताईच्या शालूचा तिरपा काठ थांबवून जवळून पाहिला तेव्हा तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसला. शेवटी मी कार्डाचे प्लास्टिकचे कवच उघडले. आतल्या मुख्य चिपवरचा क्रमांक घासून काढलेला होता आणि एस-व्हिडिओच्या सॉकेटचे पाय सर्किटच्या पाटीवर सोल्डरच केलेले नव्हते.

एवढे समजल्यावर तरी मी थांबायला हवे होते. त्याऐवजी दुसरे सॉफ्टवेअर, दुसरा लॅपटॉप, छोटी वायर असे प्रयोग करत मी तीच कॅसेट आणखी तीन वेळा चालवली. तिसऱ्या खेपेला पाठवणीच्या प्रसंगाशी व्हीसीआरमधून करकर असा आवाज आला आणि पडदा निळा झाला. झाकण उघडले तर टेप रबरी रोलरभोवती गुंडाळली जाऊन कागदासारखी चुरगळली होती. पाल व्हीसीआरमध्ये टेप सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते. माझी पाऊण मीटर टेप गेली, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक रेकॉर्डिंग गेले. जुनी कॅसेट आणखी किती वेळा नीट फिरेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि खोट्या कार्डावर घालवलेली प्रत्येक फेरी त्यातूनच वजा होते. कार्डाचे पैसे मी कधीच विसरलो असतो.

पुढे भुसावळला लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका जुन्या छायाचित्रकारांकडे गेलो. त्यांनी चुरगळलेला तुकडा कापून टेप जोडली, बुरशीचे पांढरे ठिपके असलेल्या दोन कॅसेटी आधी स्वच्छ करून घेतल्या आणि व्हीसीआर थेट आपल्या डीव्हीडी रेकॉर्डरला जोडला. त्यांच्या यंत्रावर ४.७ जीबीच्या एका डिस्कवर दोन तास बसतात, त्यामुळे ताईच्या लग्नाच्या दोनच डिस्क झाल्या. मध्ये संगणक नाही, ड्रायव्हर नाही, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत ढोलाचा ठोका हातासोबत. ज्यांच्याकडे एक-दोनच कॅसेटी आहेत त्यांनी कार्डाच्या वाटेला जाऊच नये, अशा अनुभवी माणसाकडे समोर बसून काम करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही कार्ड घ्यायचेच असेल तर त्याची परीक्षा कॅसेटवर करू नका. सेट-टॉप बॉक्सचा एव्ही आउटपुट कार्डाला जोडा, सलग तीन तास बातम्या रेकॉर्ड करा आणि शेवटच्या पाच मिनिटांत निवेदकाचे ओठ पाहा. तेवढ्यावरही भागत नाही, कारण सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल स्थिर असतो. म्हणून नंतर एखादी नको असलेली कॅसेट लावून तीच तपासणी करा. व्हर्च्युअलडबसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये किती चित्रे गळाली याचा आकडा रेकॉर्डिंग चालू असतानाच दिसतो. हे सगळे परतीच्या मुदतीत करा आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

मी तो काढला नव्हता, पण खोके जपून ठेवले होते, आणि तेच कामी आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लेखी कळवले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावणे बंधनकारक आहे. जाहिरातीचे आणि खोक्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवल्यावर १,२९९ रुपये परत मिळाले. ८९९ रुपये मिळाले नाहीत. त्यासाठी सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, आणि मी तो फार उशिरा केला.

भुसावळच्या डीव्हीडीत वरात आहे, पंगत आहे, आहेर आहेत. आई ताईच्या गालावरून हात फिरवते ते अर्धे मिनिट तेवढे नाही. ते फक्त त्या खोट्या कार्डाच्या फाइलमध्ये उरले आहे. भाच्याने तो तुकडा वेगळा कापून आवाज चार सेकंद अलीकडे सरकवून दिला. आता आईचे ओठ आणि शब्द जुळतात, मात्र चित्राच्या निम्म्या रेघा गेल्या त्या गेल्याच, आणि तिच्या चेहऱ्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. ताईने तो तुकडा मोबाइलमध्ये घेतला आहे.