स्पर्धा कायदा आणि अर्थतज्ज्ञाची कारकीर्द: पुण्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

मक्तेदारी आणि कंपन्यांचे संगनमत रोखणाऱ्या स्पर्धा कायद्याविषयी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कर्वे रस्त्यावर शनिवार-रविवारी भरणारा हा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. विषयाच्या बाबतीत त्याने शुल्काचे पैसे वसूल करून दिले. कारकिर्दीविषयी मात्र तो अर्धेच सांगतो.

सर्वांत सरस सत्र ‘संबंधित बाजारपेठ’, म्हणजे ग्राहकाला खरोखर पर्याय ठरणाऱ्या वस्तू आणि ठिकाणे कोणती, हे ठरवण्याचे होते. कोथरूडच्या सर्व चित्रपटगृहांनी तिकिटे पाच ते दहा टक्क्यांनी महाग केली, तर प्रेक्षक हडपसरपर्यंत जाईल की घरी बसून ओटीटी पाहील, यावर इतका वाद रंगला की चहाची सुट्टी बुडाली. त्यानंतर भारतीय अन्न महामंडळाची २००९ ची निविदा उलगडण्यात आली. गोदामातील धान्याला कीड लागू नये म्हणून लागणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोमागे ३८८ रुपये हा एकच दर भरला होता. केवळ दर सारखा म्हणून संगनमत सिद्ध होत नाही. उत्पादनखर्च वेगवेगळा असताना तो सारखा कसा आला, हा प्रश्न अर्थतज्ज्ञाने विचारायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संगनमत मान्य केले, पण दंड कंपनीच्या एकूण नव्हे, तर त्या मालापुरत्या उलाढालीवर आकारावा असे ठरवले. दंडाची मोजणी कंपनीच्या जागतिक उलाढालीशी जोडणारी स्पर्धा कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती छापील टिपणांत नव्हतीच, ही ढिलाई अक्षम्य आहे.

कारकिर्दीच्या सत्रात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचे प्राध्यापक कार्ल शपिरो यांचा आदर्श समोर ठेवला गेला. अध्यापन सांभाळून अमेरिकी न्याय विभागाच्या स्पर्धा शाखेत दोनदा अर्थविषयक जबाबदारी घेणारा माणूस आदर्श आहेच. पण येल विद्यापीठाच्या फियोना स्कॉट मॉर्टन यांचे प्रकरण वगळायला नको होते. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने त्यांना मुख्य स्पर्धा अर्थतज्ज्ञ म्हणून निवडले, तेव्हा त्यांचे अमेरिकी नागरिकत्व आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी केलेले सल्लाकाम यांवरून गदारोळ झाला व त्यांनी माघार घेतली. एकच ज्ञान नियामकालाही लागते आणि आरोपी कंपनीलाही, आणि कंपनी कितीतरी जास्त मोजते, हे विशीतल्या विद्यार्थ्याला आधीच कळलेले बरे.

हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचे मुख्यालय दिल्लीत, या विषयातली बहुतेक वकिली कामेही दिल्ली-मुंबईत. मग पुण्यातल्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करायची, असे विचारल्यावर समन्वयकांनी ‘लिंक्डइनवर लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले.