लेन्सचं सोल्युशन: विहिरीच्या पाण्याच्या घरात पेरॉक्साइडवालंच बरं

महिनाभर वापरायच्या सॉफ्ट लेन्ससाठी बाजारात दोन जातींची सोल्युशनं मिळतात. एक नेहमीचं मल्टीपर्पज: त्यानेच लेन्स चोळायची, त्यातच भिजवायची, त्यातूनच काढून डोळ्यात घालायची. दुसरं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं. त्याच्यासोबत उभट डबी येते आणि लेन्स ठेवायच्या जाळीच्या बुडाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते, ती पेरॉक्साइड निवळून निरुपद्रवी करते. तालुक्याच्या ऑप्टिकल दुकानात सहसा पहिलंच हातात पडतं, दुसरं सांगून मागवावं लागतं आणि ते महागही पडतं. तरी आमचा कौल दुसऱ्याला. पाचपैकी चार.

कारण पाणी. कोकणात घरोघरी विहीर, पंप लावून भरलेली स्लॅबवरची टाकी, आणि पावसाळ्यात नळालाही गढूळ पाणी. या पाण्यात, मातीत, धुळीत अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव सर्रास असतो. लेन्सवाटे तो डोळ्यात गेला तर बुबुळाचा असा आजार होतो की नजर जाऊ शकते. त्याची दोन रूपं. खातापिता अमिबा चालता-फिरता असतो. परिस्थिती बिघडली की तो दुहेरी भिंतीचं कवच करून आत बसतो. त्या भिंतीत सेल्युलोज असतं, म्हणून ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या क्लोरीनवाल्या टीसीएल पावडरीला तो दाद देत नाही, आणि वाळला तरी वर्षानुवर्षं जिवंत राहतो. पाणी प्यायला चांगलं आहे म्हणजे ते लेन्सला चालेल, हा समज इथेच कोसळतो.

पण नुसता अमिबा डबीत पडला म्हणून तो वाढत नाही. त्याला खायला जिवाणू लागतात. पाण्याच्या हंड्यात आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर हाताला लागतो, तसाच थर लेन्सच्या डबीत, विशेषतः झाकणाच्या आट्यांत धरतो. त्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू चिकटून वाढतात आणि अमिबाचं ताट वाढलेलं असतं. प्रयोगशाळेतही त्याला वाढवायची रीत हीच: पोषण नसलेल्या आगर नावाच्या जेलीवर जिवंत ई. कोलाय जिवाणूंचा थर द्यायचा. अमिबा तो खात पुढे सरकतो आणि मागे उमटलेल्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोन दिवसांतच दिसू लागतात. म्हणून सोल्युशनची पारख करताना ते लेन्स किती चकचकीत करतं हे बघू नये, डबीतल्या जिवाणूंचं काय करतं ते बघावं.

डोळ्यात गेल्यावरही जिवाणूंचा हात सुटत नाही. अकँथामिबाच्या पोटात न पचता राहणारे जिवाणू असतात. मायामीत 2010 साली रुग्णांच्या कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून) आणि डब्यांतून मिळालेले अमिबा तपासले, तेव्हा अर्ध्याहून जास्त अमिबांत असे भाडेकरू सापडले आणि असे अमिबा पेशींची नासधूस अधिक करतात असं दिसलं. कॉर्नियाच्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला अमिबा चिकटतो, मग प्रथिनं विरघळवणारे स्राव सोडतो. त्यात वेगळा जिवाणू संसर्ग मिसळला तर जखम खोल जाते आणि बरी झाल्यावर बुबुळावर फूल राहतं. परजीवी एकटा येत नाही हे इतरत्रही दिसलंय. आफ्रिकेत नदीकाठी कृमीमुळे येणाऱ्या अंधत्वात (रिव्हर ब्लाइंडनेस) कॉर्नियाची जळजळ पेटवण्यात कृमीच्या अंगातल्या वोलबाकिया जिवाणूचा मोठा वाटा असतो, म्हणून तिथे डॉक्सिसायक्लिन या जिवाणूंवरच्या औषधाचाही उपयोग होतो.

आता मल्टीपर्पज का मागे पडतं? बाटलीवर 'निर्जंतुक करते' लिहिलेलं असतं, पण ज्या आयएसओ 14729 कसोटीवर ते तपासतात तिच्यात तीन जिवाणू आणि दोन बुरशा आहेत. अकँथामिबा नाही. शिवाय बऱ्याच मल्टीपर्पजांत पीएचएमबी हे जंतुनाशक असतं साधारण 0.0001 टक्का. अमिबाच्या आजारात डॉक्टर जे पीएचएमबीचे थेंब देतात ते 0.02 टक्क्यांचे, म्हणजे दोनशे पट तीव्र, आणि सुरुवातीचे दोन दिवस रात्रंदिवस तासातासाला घालावे लागतात. बाटलीतलं प्रमाण कवचातल्या अमिबाला मारायचं नाहीच. 2007 मध्ये अमेरिकेत या आजाराची लाट आल्यावर एक मल्टीपर्पज सोल्युशन बाजारातून परत घ्यावं लागलं. त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे अमिबा मरायच्या ऐवजी कवचात जातो, असं पुढे प्रयोगशाळेत आढळलं.

पेरॉक्साइड जिवाणूंवर आणि त्या बुळबुळीवर जोरकस चालतं. वापर असा. हात साबणाने धुऊन कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाला पुसायचे. ओले हात म्हणजे विहिरीचं पाणीच डबीत. लेन्स डाव्या-उजव्या जाळीत ठेवून वरून पाच सेकंद सोल्युशनची धार सोडायची. डबी खुणेपर्यंत भरायची, कमीजास्त नाही. झाकण लावून उभी ठेवायची आणि किमान सहा तास हात लावायचा नाही. फेस येतो, झाकणाच्या बारीक भोकातून हवा जाते, म्हणून आडवी केली की सोल्युशन सांडतं आणि निष्प्रभ होण्याची क्रिया अपुरी राहते. अर्धवट निवळलेलं पेरॉक्साइड डोळ्यात गेलं तर आग अशी होते की डोळा उघडवत नाही. तसं झालंच तर लेन्स काढून निर्जंतुक सलाइनने डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

कापलेला एक गुण याच चकतीसाठी. चकतीमुळे पहिल्या काही मिनिटांतच पेरॉक्साइडचा जोर बराच ओसरतो, त्यामुळे जुनी, पक्की कवचं त्यातून वाचू शकतात. चकती नंतर घालायच्या दोन पायऱ्यांच्या पद्धतीत 3 टक्क्यांचा मारा तासन्‌तास मिळतो, ते जास्त खात्रीचं. पण चकती किंवा पेरॉक्साइड निवळवायची गोळी विसरली की डोळा भाजला. रोजच्या धावपळीत आम्ही ते सुचवणार नाही. दुसरी उणीव: निवळल्यावर उरतं ते नुसतं खारं पाणी, त्यात जंतू रोखणारं काहीच नाही. आठवड्याहून जास्त लेन्स पडून राहिली तर पुन्हा ताजं सोल्युशन भरून सहा तास ठेवायची.

चकती झिजते, म्हणून प्रत्येक नव्या बाटलीसोबतची नवी डबीच वापरायची आणि जुनी टाकायची. वापरातली डबी साबणाने घासायची नाही, साध्या नळाखाली तर धरायचीच नाही. उघडलेली बाटली तीन महिन्यांत संपवायची. आणि मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं ते पेरॉक्साइड स्वस्त दिसतं म्हणून यात ओतायचं नाही. त्याची तीव्रता वेगळी असते आणि ते डोळ्यासाठी बनवलेलं नसतं.

मल्टीपर्पजच वापरत असाल तर लेन्स चोळल्याशिवाय भिजवू नका आणि कालच्या सोल्युशनवर आजची भर घालू नका. सकाळी डबी रिकामी करून टिश्यूने पुसून उपडी ठेवा. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनी दोन्ही सोल्युशनांवर विसंबू नये: पाण्यात लेन्स नकोच. परवडत असेल तर रोज टाकून द्यायच्या लेन्स सगळ्यांत उत्तम. इंग्लंडमधल्या 2022 च्या अभ्यासात पुन्हा वापरायच्या लेन्समुळे या आजाराचा धोका जवळपास चौपट आढळला.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. भारतात अकँथामिबाचे बरेच रुग्ण लेन्स लावणारे नसतातच. लावणीत डोळ्यात उडालेला चिखल, पात्याचा ओरखडा आणि वर मारलेला विहिरीच्या पाण्याचा हबका, एवढं पुरतं. त्यांना या बाटलीचा काहीच उपयोग नाही.

डोळा लाल, उजेड सहन होत नाही आणि दिसतं त्या मानाने ठणका फारच, असं असेल तर थांबू नका. सुरुवातीला हा आजार हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने होणाऱ्या डोळ्याच्या आजारासारखा दिसतो आणि त्यातच फसगत होते. उरलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली उतरते, पण आत अमिबा पसरत राहतो. तीन-चार आठवड्यांच्या आत निदान झालं तर नजर वाचण्याची शक्यता बरीच चांगली. बुबुळावर पांढरं कडं उमटल्यावर अवघड होतं. डॉक्टरांना कॉर्नियाचं खरवडण घेऊन केओएच आणि कॅल्कोफ्लोर व्हाइटने (सूक्ष्मदर्शकाखाली अमिबाची कवचं दिसावीत म्हणून वापरायची रसायनं) तपासता येईल का, असं सरळ विचारा. तालुक्यात सोय नसेल तर कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईला कॉर्नियाच्या डॉक्टरकडे जा. आणि लेन्स व डबी आतल्या सोल्युशनसकट, झाकण घट्ट लावून, अजिबात न धुता सोबत न्या.