पाळीव उंदरांचं खाणं: मिक्स बंद करून पेलेट आणि घरची भाजी सुरू केल्यानंतर

काजू आणि मनुका या माझ्या दोन पाळीव उंदीर-माद्या, म्हणजे रॅट. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचं खाणं पूर्ण बदललं आणि आता अर्धा पावसाळा सरलाय. म्हणजे थंडी, मुंबईचा मे महिना आणि जुलैची ओल, सगळं या आहारावर काढून झालंय. रॅट पाळणाऱ्यांना खाण्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी दोघी दुकानातल्या मिक्सवर होत्या. सूर्यफुलाच्या बिया, मका, थोडे शेंगदाणे, रंगीत कुरकुरीत तुकडे आणि मधूनमधून हिरवट गोळ्या. पाकिटावर हॅमस्टरचं चित्र होतं. मुंबईत बहुतेक ठिकाणी रॅटसाठी हेच हातात देतात. वाटी ठेवली की काजू आधी नाक फिरवायची, दोन्ही पुढच्या पायांत एक सूर्यफुलाची बी उचलायची, साल सोलून गर खायची आणि लगेच दुसरी शोधायची. हिरवट गोळी हाताला लागली तर तशीच बाजूला. जीवनसत्त्वं आणि क्षार होते नेमके त्या गोळ्यांत, आणि त्या सकाळी वाटीच्या तळाशी जशाच्या तशा असायच्या. सूर्यफुलाच्या बीत वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणजे पाकिटावर लिहिलेलं पोषण आणि तिच्या पोटात जाणारं पोषण यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

पेलेट म्हणजे सगळे घटक दळून एकत्र केलेल्या घट्ट गोळ्या, आणि त्यांचा खरा फायदा हाच. प्रत्येक तुकडा सारखा, निवडायला जागाच नाही. घेताना पाकीट उलटून बघा: पूर्ण वाढ झालेल्या रॅटला प्रथिनं साधारण 14 ते 16 टक्के, चरबी 4-5 टक्के पुरते. वाढत्या पिल्लांना प्रथिनं जास्त लागतात. सशाचे किंवा गिनीपिगचे पेलेट गवताचे असतात, ते यांच्या कामाचे नाहीत. रॅट आपल्यासारखाच सर्वभक्षी आहे, त्याला धान्य हवं, भाजी हवी आणि थोडं अंडं-मासेही चालतात.

बदल एका रात्रीत होत नाही. उंदीर नवीन खाण्याला बिचकतो, आधी चिमूटभर चाखून थांबतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं तर बाहेर काढायचा मार्गच नाही. ही सावधगिरी त्याच्या जन्माची. मी जुन्या मिक्समध्ये पेलेटचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं. मनुकाने लगेच घेतलं. काजू मात्र बरेच दिवस पेलेट उचलून हॅमॉकच्या (पिंजऱ्यात टांगलेल्या झोळीच्या) कोपऱ्यात नेऊन लपवत होती. खाल्लं की साठवलं हे वाटीकडे बघून कळत नाही, पिंजऱ्याचे कोपरे चाचपून बघावे लागतात.

प्रमाण एका मादीला दिवसाला 15 ग्रॅमच्या आसपास, नर मोठा असेल तर 20 पर्यंत. दोघींचं मिळून महिन्याला साधारण एक किलो लागतं. आयात केलेले पेलेट महाग पडतात हे खरं, पण मिक्समधलं जे फेकलं जायचं तेही पैसे देऊनच आणलेलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून रात्री देते, कारण दोघी रात्रीच्या जाग्या. शिळी वाटी भरलेली असताना वरून नवीन ओतत नाही. आईला हे अजून पटत नाही. "अगं, मुकी जनावरं ती, वाटी रिकामी कशी ठेवतेस?" असं ती दर दोन दिवसांनी म्हणते. तिची माया मला कळते, पण इथे मी ऐकत नाही. माद्यांना स्तनाच्या गाठी होण्याचं प्रमाण या प्राण्यात मुळातच जास्त आहे आणि लठ्ठपणाने ते आणखी वाढतं. कमी उष्मांक पण पुरेसं पोषण दिलेले उंदीर जास्त जगतात हे कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी 1935 सालीच दाखवलंय. ज्याचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्याच्यासाठी वाढलेले चार महिनेसुद्धा मोठे. म्हणून मी मोजते.

आता माझ्या आवडीचा भाग, ताजं खाणं. यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. घरात भाजी चिरली की फोडणीआधी त्यांचा वाटा बाजूला निघतो: दुधीची फोड, लाल भोपळा, कोबीचं पान, भोपळी मिरची, मटार, गाजर, मेथीची दोन पानं. फोडणीनंतर मीठ, तेल, कांदा, लसूण सगळं आलेलं असतं, मग नाही. मोड आलेले मूग आणि मटकी दोघींना प्रचंड आवडतात. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला अजिबात नाही, तो विषारी असतो. आठवड्यातून एखादवेळी उकडलेल्या अंड्याचा तुकडा, किंवा मीठ न लावलेला जवळा चिमूटभर भाजून. नाचणीची घट्ट पेज, साखर-मीठ न घालता, बोटाच्या टोकावर. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्राम कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात मिळत नाही. लिंबूवर्गातली फळं मी आणत नाही. त्यांच्या सालीतल्या डी-लिमोनीन नावाच्या तेलकट द्रव्यामुळे नरांच्या मूत्रपिंडाला इजा होते. आंब्याबाबतही नर पाळणारे हात आखडता घेतात, तेव्हा हापूसची पेटी आली तरी नरांना लांबच ठेवलेलं बरं. माझ्या माद्यांना मी साखरेमुळे देत नाही. संत्र्याशिवाय क जीवनसत्त्व कुठून, अशी काळजी करू नका. गिनीपिगला ते खाण्यातून लागतं, रॅटचं शरीर स्वतः बनवतं.

मे महिन्यात एक गोष्ट फार उपयोगी पडली. उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. दुपारी मी पसरट थाळीत दोन बोटं गार पाणी आणि मटार सोडायचे. मनुका आधी काठावरून पंजा बुडवून अंदाज घ्यायची, मग नाकपुड्या वर ठेवून तोंड पाण्यात घालायची आणि मटार पकडून ठिबकत कोपऱ्यात पळायची. साल तिथेच सोलून टाकायची आणि आतली डाळ खायची. पाणी, व्यायाम आणि भाजी एकदमच.

पावसाळ्यात मात्र हा आहार मेहनत मागतो. कापलेली भाजी दोन-तीन तासांत उचलायलाच हवी. शेंगदाणे आणि मक्याला ओल लागली की बुरशी धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष उंदराच्या यकृताला कर्करोग करतं, हे खूप जुनं सिद्ध झालेलं आहे. मिक्स बंद झाल्याचं सगळ्यात मोठं समाधान मला जूनमध्ये वाटलं. पेलेटही आता मोठं पाकीट न आणता छोटं आणते आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. डबा महत्त्वाचा आहे, कारण चाळीतले रस्त्यावरचे उंदीर वासाने येतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. तो आपल्यालाही होतो, यांनाही.

बदल काय दिसला? काजूचं वजन हळूहळू उतरून स्थिर झालं, दर रविवारी त्याच काट्यावर बघते. केस चमकदार झाले, लेंड्या घट्ट आणि आकारात एकसारख्या. डोळ्यांच्या कडेला अधूनमधून लाल दिसायचं, ते कमी झालं. हे रक्त नसून पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा स्राव असतो. तो वाढला की ताण किंवा आजार समजायचा, आणि तेव्हा आहार बदलत न बसता प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. आम्हाला परळचं बैलघोडा हॉस्पिटल जवळ आहे. जाण्याआधी छोट्या प्राण्यांना बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारून घ्या.

न पटलेलं एकच. पेलेट कडक असतो आणि वय झालेल्या रॅटला तो चावायला जड जातो. काजू आता दीड वर्षाच्या पुढे गेलीय, तिच्यासाठी मी संध्याकाळी तेच पेलेट कोमट पाण्यात भिजवून लगदा करते आणि अंडं कमी केलंय, कारण म्हातारपणी यांची मूत्रपिंडं थकतात. मनुका अजून कडकच खाते, तिचं तसंच चालू ठेवणार आहे.